कॅमेऱ्यातला चौकड्यांचा कोट

ढगोबांची आणि घड्याळजींची पहिली भेट झाली तेव्हा घड्याळजींना तोंड नव्हतं. नुसते पाय होते.

त्याचं असं झालं. ढगोबा तेव्हा हवामान कार्यालयात नवेकोरे निरीक्षक म्हणून लागले होते आणि नव्या नवरीने पदर सांभाळावा तशी नोकरी सांभाळत होते. सकाळी बरोब्बर साडेआठला तापमान, वारा, ढग, पाऊस यांची नोंद घ्यायची असा नियम. वेळ बघायची ती कार्यालयाच्या गच्चीवरून, समोरच्या चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळात. आणि त्या घड्याळाला चार तोंडं. पूर्वेच्या तबकडीत साडेआठ वाजायचे तेव्हा दक्षिणेच्या तबकडीत आठ वीस झालेले असत, पश्चिमेला नऊ व्हायला आलेले असत आणि उत्तरेची तबकडी वाजण्याच्या भानगडीतच पडत नसे. गावाने त्यातून सोय काढली होती. कामावर उशिरा पोचणारे दक्षिणेची वेळ सांगत आणि लवकर सुटायचं असेल ते पश्चिमेची. पण ढगोबांना सगळ्या आभाळाची एकच वेळ हवी होती. तिसऱ्या दिवशी ते मनोऱ्याच्या एकशेबेचाळीस पायऱ्या चढले, आणि प्रत्येक पायरीला त्यांच्या रागाचा पारा एकेक अंश चढला. वर पोचले तेव्हा ते फक्त वाफ सोडायचेच बाकी होते. बघतात तर दातेरी चक्रांच्या मधून दोन पाय बाहेर आलेले. ढगोबांनी त्या पायांना पंधरा मिनिटं झापलं. शासन, शिस्त, विज्ञान, शेतकऱ्यांपासून जहाजांपर्यंत सगळ्यांचं होणारं नुकसान, काही बाकी ठेवलं नाही. बोलून ते दमले तेव्हा पाय म्हणाले, "झालं? आता तो पाना द्या इकडे."

ढगोबांनी मुकाट्याने पाना दिला. त्याच क्षणी घड्याळाचा हातोडा घंटेवर आदळला. कबुतरं अशी उडाली की त्यांच्या नातवंडांनीसुद्धा परत येताना विचार केला असेल. ढगोबांच्या कानात तीन दिवस घंटा वाजत होती, आणि तीन दिवस त्यांनी नोंदवहीत प्रत्येक वेळी इमानदारीने 'मेघगर्जना' असं लिहिलं. शेवटी वरच्या कार्यालयातून विचारणा आली की, चहूकडे निरभ्र असताना तुमच्याच डोक्यावर काय गडगडतंय?

अशा रीतीने दोस्ती जमली. ढगोबा आणि घड्याळजी ही काही त्यांची खरी नावं नव्हेत, ती एकमेकांनी ठेवलेली आणि मग सगळ्यांनी उचललेली. खरी नावं पेन्शनच्या कागदावर होती, तिथेच राहिली. एक आभाळ बघायचा, दुसरा वेळ बघायचा. जमिनीवर काय चाललंय ते बघायचं काम दोघांच्या बायकांकडे होतं. दुपारी चार वाजता दोघं चौकातल्या बाकावर भेटत. आधी घड्याळजी कान देऊन चारचे ठोके ऐकत, मग ढगोबा मान वर करून आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते सांगत. "पाच," असं ते म्हणत. "साडेचार," घड्याळजी म्हणत. आभाळात अर्धा भाग नसतो, यावर पुढचा तासभर वाद. एकोणतीस वर्षं हा कार्यक्रम चालला.

घड्याळजींच्या कोटाबद्दल सांगायला हवं. मोहरीच्या रंगावर तपकिरी चौकड्या, आणि एकेक चौकडी जेवणाच्या ताटाएवढी. कापड दुकानदाराने सोफ्यासाठी आणलेलं होतं. घड्याळजींनी त्याचा कोट शिवला. ते बाकावर बसले की लांबून बघणाऱ्याला वाटे, कोणीतरी घर बदलतंय आणि फर्निचर चौकात उतरवून ठेवलंय. त्यांची बायको, म्हणजे ढगोबांच्या वहिनी, म्हणायच्या, "भावोजी, मला एक बरं आहे. हे हरवले तरी गच्चीवरून सापडतात."

मग घड्याळजींच्या लेकीचं लग्न निघालं. उघड्या हिरवळीवर, संध्याकाळी सहाला.

"मांडव घालू का रे?" घड्याळजींनी आठवडाभर आधी विचारलं.

आता खरं म्हणजे ढगोबा निरीक्षक. पडलेला पाऊस मोजणं हे त्यांचं काम, पडणारा सांगणं वरच्या साहेबांचं. पण समोर वहिनी, नवरी मुलगी, व्याही, आणि सगळे तोंडाकडे बघताहेत. ढगोबांची छाती फुगली. "एक थेंब पडणार नाही," ते म्हणाले. "पडला तर माझं नाव बदला."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांची रजा होती, पण सवयीने पाय कार्यालयाकडे वळले. अकरा वाजता त्यांनी बॅरोमीटर बघितला. चार तासांत पाच मिलिबार खाली. त्यांनी काचेवर बोटाने टिचकी मारली, पुन्हा बघितलं. हवेचा दाब असा कोसळला की त्याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसालाही कळतो. सहा वाजायला सात तास होते. मांडव घालून चहा प्यायलाही वेळ उरला असता. ढगोबा सांगायला म्हणून निघालेसुद्धा. पण हिरवळीच्या फाटकातच घड्याळजींचा आवाज कानावर आला. ते व्याह्यांना सांगत होते, "मांडव कशाला? आमचा ढगोबा म्हणालाय ना! तो म्हणाला म्हणजे ढगांची टाप नाही." ढगोबा फाटकातून परत फिरले. कधीकधी ढग कडेने जातात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पावणेसातला ढग आले ते थेट व्यासपीठावर. गालिचे भिजले, वाजंत्री पळाले, नवऱ्या मुलाची आजी घसरून मनगट मोडून बसली. घड्याळजी ठिबकत उभे होते आणि त्यांच्या हातातला माईक चालू होता. "तीस वर्षं सरकारने ह्या माणसाला वर बघायचा पगार दिला!" ते म्हणाले, आणि ते अख्ख्या वऱ्हाडाने ऐकलं. भिजलेली माणसं पोट धरून हसली.

ढगोबा ओरडले, "मी ज्योतिषी नाही! आणि एका घड्याळात चार वेळा दाखवणाऱ्याने मला शिकवू नये!"

दोघंही खरं तेवढंच बोलले होते, त्यामुळे ते भांडण मिटण्यासारखं राहिलं नाही. ढगोबा घरी आले, अंग न पुसता जाहीर केलं, "आजपासून त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. कोणीही. कधीही. तो मेला तरी."

मुलाने बापाचा शब्द झेलला. पुढे सून आली, तिलाही पहिल्या आठवड्यात सांगण्यात आलं: चहात साखर एक चमचा, रेडिओला हात लावायचा नाही, आणि ते नाव काढायचं नाही. मधल्या काळात ढगोबांची बायको वारली. घड्याळजी भेटायला आले होते. ढगोबा भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. अबोला नऊ वर्षांचा झाला, तेव्हा ढगोबा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

अडीच महिने इस्पितळात काढून ते घरी आले ते चाकांच्या खुर्चीत. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांना आतली खोली दिली, कारण न्हाणीघर तिला लागून होतं. त्या खोलीला खिडकी होती. खिडकीला समोरच्या इमारतीची भिंत होती, भिंतीला चार सांडपाण्याचे नळ होते आणि एक कायम गळत होता. आभाळ नव्हतं. मान कितीही तिरकी केली तरी नव्हतं. ढगोबांनी पहिले पंधरा दिवस मान तिरकी करून बघितली, मग मानही दुखायला लागली. एकतीस वर्षं ज्याने दिवसातून आठ वेळा आभाळ बघितलं, तो माणूस आता नळाकडे बघून सांगायचा, "आज जास्त गळतोय. वर कोणीतरी कपडे धुतंय." जेवण कमी झालं. बोलणंही.

मुलाला काळजी वाटली. त्याने आपला जुना संगणक आणून बापाच्या टेबलावर मांडला आणि म्हणाला, "बाबा, हे बघा. विमा कंपनीच्या गच्चीवर कॅमेरा बसवलाय. चौक दिसतो, थेट. खाली तापमान, वारा, सगळं येतं."

पडद्यावर चौक होता. मनोऱ्याची पूर्वेची तबकडी, बसथांबा, गाड्यांची रांग, बाक, आणि वरचा अर्धा पडदा भरून आभाळ.  ढगोबा चष्मा पुसून म्हणाले, "एकतीस अंश? शक्य नाही. थर्मामीटर सिमेंटवर ठेवलाय गाढवांनी."

मुलगा समजला, बाप परत आला.

त्या दिवसापासून ढगोबांनी नवी नोंदवही सुरू केली. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब आले की पाऊस, थरथर झाली की वारा. एकदा कबुतराचा पाय दीड तास पडद्यावर होता, तीही नोंद आहे. सूनबाई दारातून विचारायची, "बाबा, कपडे बाहेर घालू का?"

"थांब, बघतो."

"अहो, मी आत्ताच भिजून आले. बाहेर पाऊस आहे."

"कॅमेऱ्यात नाही."

"मग माझ्या अंगावर काय आहे?"

"स्थानिक स्वरूपाची सर," ढगोबा म्हणायचे, आणि सूनबाई ओली साडी पिळत हसायची.

पण नोंदवहीत उजवीकडे 'शेरा' नावाचा एक रकाना होता, तो ते कोणाला दाखवत नसत. कारण तिसऱ्याच दिवशी दुपारी चार वाजता पडद्यावर, बाकावर, मोहरीच्या रंगाचा चौकड्यांचा कोट येऊन बसला होता.

चित्र इतकं बारीक की तोंड म्हणजे नुसता ठिपका. पण त्या कोटाला तोंडाची गरज कधी होती?  त्यांनी शेऱ्यात लिहिलं: 'बाकावर. एकटा.' दुसऱ्या दिवशी: 'बाकावर. टोपी नाही. हवेत गारवा असून.' मग रोजच.

हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं की हा माणूस तरुण होत चाललाय. गुडघे धरून मनोऱ्याच्या पायऱ्या उतरणारा घड्याळजी आता चौकात चक्क धावत होता. गाड्यांच्या मागे धावायचा, हात हलवायचा, ह्याला मागे घे, त्याला पुढे घे. ढगोबांना संताप आला. "कोणी विचारलं होतं ह्याला?" ते पुटपुटले. "जन्मभर लोकांची वेळ सुधारली, आता लोकांच्या गाड्या सुधारतोय. आणि पळतोय कसा! मी इथे खुर्चीत सडतोय हे कळलंय त्याला. मुद्दाम पळतोय." त्या दिवशीचा शेरा: 'धावला. दोनदा. निर्लज्ज.'

तरीही रोज पावणेचारला त्यांची खुर्ची पडद्यासमोर असे. सूनबाईने चहा आणला तर तो निवत असे. "एवढं काय बघता हो बाबा?" ती विचारायची. "ढग," ढगोबा म्हणायचे.

दीड वर्ष असं गेलं. मग एका सोमवारी कोट आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी ढगोबांनी सकाळपासूनच पडदा सोडला नाही. गुरुवारी जेवले नाहीत. मुलाला विचारावं असं दहादा वाटलं. 'अरे, तो बरा आहे ना?' एवढंच. पण विचारायचं तर नाव काढावं लागणार, आणि नाव काढायचं नाही हा नियम कोणी केला होता? रात्रभर त्यांच्या डोक्यात पाच मिलिबार फिरत राहिले. अकरा वर्षांत कोणालाही, बायको होती तोवर तिलासुद्धा, त्यांनी ते सांगितलं नव्हतं. पाऊस येणार नाही असं चुकून म्हणालो, इतकंच सगळ्यांना ठाऊक होतं. येणार हे कळल्यावर फाटकातून परत फिरलो, हे एकालाच सांगायचं होतं, आणि तो बाकावर नव्हता.

शुक्रवारी चार वाजता कोट आला. ढगोबांनी डोळे मिटून खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. मग हाक मारली, "सूनबाई! उद्या मला चौकात जायचंय."

"चौकात? कशाला?"

"हवा बघायला. खरी."

घरात आनंद झाला. दोन वर्षांत बाबांनी बाहेरचं नाव काढलं नव्हतं. शनिवारी मुलगा आणि तळमजल्यावरचा इस्त्रीवाला यांनी खुर्चीसकट ढगोबांना उचललं.

"काका, वजन वाढलंय," इस्त्रीवाला दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत म्हणाला.

"माझं नाही. हवेत दमटपणा आहे."

"मग तो दमटपणा जरा तुमच्या मुलाच्या बाजूला सरकवा की!"

ढगोबा हसले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, केसांना तेल.  टॅक्सीत मधूनच त्यांचे ओठ हलत होते. मुलाला वाटलं, देवाचं नाव घेताहेत.

चौकात पोचले तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती. आभाळ भरून आलेलं, पण ढगोबांनी वर बघितलंच नाही. बाकावर पाठमोरा कोट बसला होता. जवळून चौकड्या फिक्या दिसत होत्या आणि कोपरावर ठिगळ होतं.

"तू इथेच थांब, बसथांब्यापाशी," ते मुलाला म्हणाले. "मी एकटा जातो."

"बाबा, कोण आहे तिथे?"

"थांब म्हटलं ना."

दहा पावलांचं अंतर त्यांनी स्वतः चाकं ढकलत कापलं. चारचे ठोके सुरू झाले. ते संपेपर्यंत ढगोबा थांबले, पूर्वी थांबत तसे. मग त्या पाठीला म्हणाले, "बॅरोमीटर पडला होता. पाच मिलिबार. अकरा वाजताच मला कळलं होतं. मी फाटकापर्यंत आलो होतो, आणि परत गेलो."

कोट वळला. आत चाळिशीचा, मिशीवाला, अनोळखी माणूस होता. त्याच्या हातात अर्धी पोळी होती.

"काय पडलं, काका?" तो लगबगीने उठला. "काही हरवलंय का? मी इथे गाड्या लावून घेतो, सांगा, शोधून देतो."

ढगोबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा कोट..."

"हसा, हसा. सगळे हसतात. पण ऊब झकास आहे. त्या मागच्या गल्लीतल्या बाईंनी दिला. त्यांचे मिस्टर गेले ना, घड्याळवाले, तेव्हा. दोन वर्षं होतील आता. रोज इथे बसायचे म्हणे."

"चार दिवस कुठे होतास?" ढगोबांनी विचारलं. 

"पोरीला ताप होता." माणूस चमकला. "पण तुम्हाला कसं ठाऊक?"

ढगोबांनी विमा कंपनीच्या गच्चीकडे बोट केलं. त्या माणसाने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. तिथे कॅमेरा आहे हे त्याला माहीतच नव्हतं. "म्हणजे आम्ही दिसतो?" तो म्हणाला, आणि कोटाची कॉलर नीट केली.

मुलगा धावत आला होता. त्याने कोट बघितला, बापाचा चेहरा बघितला, आणि जिथे होता तिथेच थांबला.

"तुला माहीत होतं?" ढगोबांनी विचारलं.

"मी गेलो होतो, बाबा, ते गेले तेव्हा. तुम्ही इस्पितळात होता. डॉक्टर म्हणाले, धक्का नको."

"मग घरी आल्यावर?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "घरी आल्यावर नाव काढायचं नव्हतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.  पावसाचे थेंब पडायला लागले. गाड्या लावणाऱ्याने अंगातला कोट काढून ढगोबांच्या गुडघ्यांवर पांघरायला पुढे केला. "नको," ढगोबा म्हणाले. "तुला लागेल."

रविवारी त्यांनी मुलाला वहिनींचा नंबर लावायला लावला. नऊ अधिक दोन, अकरा वर्षांनी पहिल्यांदा आवाज ऐकला. विचारपूस झाली, खुब्याची चौकशी झाली. मग ढगोबांनी पाच मिलिबार, अकरा वाजता, फाटक, सगळं एका दमात सांगितलं आणि रिसीव्हर घट्ट धरून बसले.



"बरं," वहिनी म्हणाल्या. "सांगितलंत ते बरं केलंत, भावोजी. पण आता काय त्याचं? लेकीचा घटस्फोट होऊनही सहा वर्षं झाली. जपा. दूध उतू जातंय, ठेवते."

ढगोबांनी त्यानंतर नोंदवही लिहिली नाही. पुढच्या हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. कॅमेरा त्याच्या तीन महिने आधीच बंद पडला होता. विमा कंपनीने कार्यालय दुसरीकडे हलवलं, आणि जाताना तो काढून नेला.